अण्णांची ती दहा मिनिटं

पत्र : माझं वय २८. मशीन शॉपमध्ये पाच वर्षं काम केल्यावर तीन महिन्यांपूर्वी मला पाळीप्रमुख केलं. पाळीत अकरा जण आहेत. सेटर (प्रत्येक कामासाठी मशीन लावून देणारे) अण्णा ५४ वर्षांचे. सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातणयंत्रावर) त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सेटिंग झालं की पहिला पीस काढून ते दहा मिनिटं नुसता ठेवून देत, तोवर मशीन उभं. महिन्याभरापूर्वी सकाळच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'मशीन बंद ठेवून बसायला आपण इथे येत नाही.' तेव्हापासून अण्णा सांगितलं तेवढंच करतात. पीस निघाला की लगेच माप, लगेच ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती). काही विचारलं की 'साहेब सांगतील तसं.' गेल्या आठवड्यात एका शाफ्टचे १४ नग बाहेरच्या व्यासात कमी भरले आणि स्क्रॅप झाले. दुसरे काका, ५७ वर्षांचे ऑपरेटर. दाराच्या इंटरलॉकमध्ये (दार उघडं असलं की मशीन चालू न देणाऱ्या स्विचमध्ये) जुनी किल्ली अडकवून दार उघडं ठेवूनच मशीन चालवतात. म्हणतात, पंचवीस वर्षांत काही झालं नाही. पोरं अडली की माझ्याकडे न येता अण्णांकडे जातात. अण्णांना काही पटलं नाही की ते थेट मॅनेजरकडे जातात. चेकशीट तर दोघंही भरत नाहीत. यांना माझं ऐकायला कसं लावू? आणि त्या १४ शाफ्टचं कारण रिपोर्टमध्ये काय लिहू?

उत्तर :

आधी त्या दहा मिनिटांबद्दल, कारण तुमच्या पत्रातल्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू झाल्या आहेत.

अण्णा पीस गार होऊ देत होते. पोलाद तापलं की दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. शाफ्टचा व्यास तुम्ही लिहिलेला नाही. समजा ८० मिमी आहे आणि पीस खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम निघाला. मग तो व्यास जवळपास १४ मायक्रॉनने मोठा दिसणार. ड्रॉइंगवरचं माप २० अंशांना धरलेलं असतं. एकूण सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, २० मायक्रॉनची असेल तर निम्म्याहून जास्त सूट उष्णतेनेच खाल्ली. गरम पीस मोठा दिसला म्हणून सेटर ऑफसेट कमी करतो, पुढचे पीस यंत्रावर बरोबर भरतात, आणि तपासणीच्या टेबलावर गार झाले की लहान. बाहेरचा व्यास लहान झाला की धातू परत चढवता येत नाही. बोअर (आतलं भोक) असता तर तोही गार होऊन लहानच भरला असता, पण तो पुन्हा काढून निभावलं असतं.

तुमचे १४ शाफ्ट याच कारणाने गेले हे पत्रावरून शंभर टक्के सांगता येणार नाही. पण ते कमी भरले, जास्त नाही, हे महत्त्वाचं आहे. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजला की बाहेरचा व्यास वाढत जातो. म्हणजे झीज हे कारण बाद. मशीन तापताना अक्ष सरकणं हे दुसरं कारण शक्य आहे, त्यासाठी मशीन सुरू केल्यापासून कितव्या मिनिटाला ऑफसेट दिला गेला ते पाहा. तरी माझा संशय आधी गरम मापावरच जाईल.

अण्णांनी हे तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटेल. दोन कारणं संभवतात. एक, इतकी वर्षं हातात बसलेली गोष्ट शब्दांत मांडायची वेळच माणसावर येत नाही. पीस ठेवून द्यायचा असतो, बस्स. दुसरं, तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही निकाल दिला होता, तोही दहा जणांसमोर. त्यानंतर चोपन्न वर्षांचा माणूस स्वतःचा बचाव करत उभा राहील, ही अपेक्षाच चुकीची. तो गप्प बसतो आणि तुमचा शब्द अक्षरशः पाळतो. 'साहेब सांगतील तसं' ही आज्ञाधारकता नव्हे. त्यांनी स्वतःची अक्कल परत घेतली आहे, आणि पाळीला ते सगळ्यात महाग पडतं.

हे दुरुस्त करायचं तर जिथे बोललात तिथेच बोलावं लागेल. खासगीत माफी मागून भागणार नाही. अपमान दहा जणांनी पाहिला, दुरुस्तीही त्या दहा जणांना दिसायला हवी. मात्र मीटिंगच्या आधी अण्णांना बाजूला घेऊन सांगा की मी आज हे बोलणार आहे. अचानक सगळ्यांसमोर केलेलं कौतुकही माणसाला अवघडून टाकतं. मीटिंगमध्ये तीन वाक्यं पुरेत : 'महिन्यापूर्वी पहिल्या पीसच्या दहा मिनिटांवरून मी अण्णांना इथे बोललो. कारण न विचारता बोललो, ती माझी चूक होती. आजपासून पहिला पीस गार झाल्याशिवाय कुणीही ऑफसेट देणार नाही.' मग लगेच दिवसाच्या कामाकडे वळा. 'वाईट वाटलं असेल तर' असं काही जोडू नका. त्या 'तर'ने माफी निम्मी होते. लांबण लावलीत तर अण्णांनाच मान खाली घालून उभं राहावं लागेल.

यानंतर लगेच त्या दहा मिनिटांचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा, कारण तुमची तक्रारही अगदीच पोकळ नव्हती. उभं मशीन हा खर्च आहेच. एकच पीस घ्या. निघाल्या क्षणी, तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि दहाव्या मिनिटाला त्याच जागी त्याच मायक्रोमीटरने मोजा. मायक्रोमीटर हातात धरून ठेवू नका, तोही तापतो; स्टँडला लावा. लागोपाठ दोन मापं सारखी आली की पीस पुरेसा गार झाला. हेच पुन्हा पीस ओतीव लोखंडाच्या जाड पाटावर ठेवून करा. लाकडी टेबलापेक्षा तिथे उष्णता लवकर ओढली जाते. कदाचित दहाऐवजी पाच-सहा मिनिटं पुरतील. कदाचित मोठ्या व्यासाला बारा लागतील. मधल्या वेळात सेटरने बाकीच्या टूलचे इन्सर्ट आणि जॉजची (पीस धरणाऱ्या जबड्यांची) पकड तपासायची, म्हणजे वेळ रिकामा जात नाही. आकडे अण्णांनी वाचायचे, तुम्ही लिहायचे. हा क्रम मुद्दाम सांगतोय. मोजमापाचं काम त्यांच्या हातात राहिलं की प्रयोग त्यांचाही होतो, आणि निकाल दोघांपैकी कुणाच्याही विरुद्ध गेला तरी कुणी हरत नाही.

आता दार. हे मात्र उद्याच्या पाळीला पहिल्या तासात करायचं. अण्णांबरोबरची बोलणी दोन दिवस थांबू शकतात, हे नाही. उघड्या दारातून तुटलेला इन्सर्ट, निसटलेला जॉब किंवा फिरत्या चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या भागात) अडकलेली बाही, यातलं काय होईल हे आधी कुणालाच कळत नाही. 'पंचवीस वर्षांत काही झालं नाही' याच्याशी वाद घालू नका, ते खरंच आहे. उत्तर एवढंच : 'खरंय काका, आणि पुढेही होऊ नये म्हणून हे दार बंद राहणार.' आवाज न चढवता, मशीनजवळ जाऊन सांगा : 'काका, सायकल थांबवा. किल्ली काढून माझ्याकडे द्या. दार लागल्याशिवाय हे मशीन चालणार नाही.' हे चारचौघांत बोलावं लागलं तरी चालेल, कारण धोका ही एकच गोष्ट अशी आहे जी खासगी वेळेची वाट पाहत नाही. पण बोलणं मशीनबद्दल ठेवा. 'या वयात तरी' किंवा 'तुम्हाला कळायला हवं' असला एक शब्दही नको. आणि त्याच फेरीत बाकीच्या सगळ्या मशीनचे इंटरलॉक तपासा. एखाद्या पोरानेही किल्ली अडकवलेली असणारच. फक्त काकांचीच काढलीत तर नियम काकांपुरता झाला.

मग विचारा, दार उघडं का लागतं? बहुतेक उत्तर एकच असतं : दिसत नाही. कूलंट आणि चिप्सनी दाराची पॉलिकार्बोनेटची काच धुरकट झालेली असते. ती काच कूलंटने फक्त धूसर होत नाही, कमकुवतही होते, म्हणून मशीन बनवणारे ती ठरावीक काळाने बदलायला सांगतात. तुमच्या मशीनच्या पुस्तकात ती मुदत पाहा. त्यात वयाचा भाग मिसळा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण साठीकडे झुकलेल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो हे कमी जणांना माहीत असतं. तुम्हाला जे 'ठीक दिसतंय' ते काकांना अंधुक असू शकतं. मशीनच्या आतला दिवा बदला, काच बदला, कूलंटचा फवारा काचेवर उडत असेल तर नोझल वळवा. कंट्रोलरच्या पडद्यावर अक्षरं मोठी करता येत असतील तर करा. हे सगळं एका आठवड्यात होण्यासारखं आहे, आणि किल्ली काढल्यावर लगोलग झालं तर काकांना कळतं की तुम्ही फक्त अडवायला आला नव्हता.

अशा बदलांचा फायदा फक्त वयस्करांना होतो असंही नाही. २००७ मध्ये जर्मनीत डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम सरासरी वय ४७ येईल अशी माणसं नेमली आणि त्यांच्याच सूचनांवरून सुमारे ७० छोटे बदल केले : पायाखाली लाकडी जमीन, बारीक भागांसाठी भिंगं, पडद्यावर मोठी अक्षरं, मधूनमधून टेकायला खुर्च्या. वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'त्यांच्याच सूचनांवरून' हा भाग. काकांना जड उचलणं नको असेल असं तुम्हीच परस्पर ठरवून त्यांना हलकं काम देऊ नका. विचारा. काहींना ते हवं असतं, काहींना तो अपमान वाटतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. ऐकायला कसं लावू?

पत्रात तुम्ही जे जे लिहिलंय, त्यात कुठेही 'कोणता निर्णय कुणाचा' हे ठरलेलं दिसत नाही. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत अण्णा बहुतेक सगळं ठरवत असणार. पद तुमच्याकडे आलं, पण निर्णयांची वाटणी कुणी केलीच नाही. मग तुम्ही सेटिंगमध्ये बोललात, जिथे ते तुमच्याहून दहा पावलं पुढे आहेत. आणि कोणता जॉब आधी घ्यायचा हे पोरं त्यांना विचारतात, जे खरं तर तुमचं काम आहे. दोघंही एकमेकांच्या अंगणात. अनुभवी माणसांचा प्रमुख होण्यासाठी त्यांच्याहून जास्त यावं लागत नाही. पाच वर्षांच्या बळावर ती चढाओढ करायला गेलात तर हराल, आणि रोज हराल.

म्हणून अण्णांशी एकदा अर्धा तास बसा. पाळी सुटताना नको, तेव्हा मन घरी पोचलेलं असतं. केबिनमध्येही नको, तिथे बोलावलं की झाडाझडती वाटते. पाळीच्या मध्यावर, टूल रूममध्ये किंवा जिथे दोघंही बसू शकाल अशा जागी. सुरुवात अशी करा : 'अण्णा, सेटिंग मला तुमच्याइतकं येत नाही, आणि ते मला तुम्हाला शिकवायचंही नाहीये. पण काही गोष्टींचा जाब वरून मला विचारला जातो. कोणतं कुणी ठरवायचं हे आज एकदा ठरवून टाकू.' मग कागदावर वाटणी करा. इन्सर्ट कोणता, जॉज कोणते, ऑफसेट किती, स्पीड-फीड कमी करायची का, शंका आली तर मशीन थांबवायचं का : हे अण्णांचं, विचारायचीही गरज नाही. ठरल्या क्रमाबाहेर जावं लागलं किंवा सेटिंग अंदाजापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त लांबणार असेल तर ठरवायचं त्यांनीच, पण तुम्हाला लगेच कळवायचं, कारण पुढच्या विभागाला उत्तर तुम्ही देता. कोणता जॉब आधी, कोण कोणत्या मशीनवर, रजा, ओव्हरटाइम, अडवलेला माल सोडायचा की नाही : हे तुमचं. त्यांचं मत घ्या, पण शब्द तुमचा. आणि सुरक्षेचे नियम दोघांच्याही हातात नाहीत, ते जसे आहेत तसे.

एवढं झालं की पोरं अण्णांकडे जातात याचा त्रास आपोआप उतरतो. बोअरमध्ये रेघा का पडतात हे विचारायला ती अण्णांकडेच जायला हवीत. तिथे मध्ये पडलात तर स्वतःचं हसं करून घ्याल. फक्त 'आता कोणता जॉब लावू' असं कुणी विचारलं तर अण्णांनी 'पाळीप्रमुखांना विचार' म्हणावं, एवढं त्यांच्याकडून मागून घ्या. मागायला लाजू नका. हे एक वाक्य त्यांच्या तोंडून चार वेळा गेलं की तुमचं पद पोरांच्या डोक्यात बसतं, आणि ते तुमच्या हजार वाक्यांनी बसणार नाही. या बदल्यात तुम्हीही एक पाळा : पाळीत मोठा बदल येणार असेल तर तो अण्णांना मीटिंगमध्ये इतरांबरोबर कळता कामा नये. आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. मोबाइलवर मेसेज टाकून नाही.

सूचना देण्याच्या भाषेबद्दल थोडं, कारण मराठीत बोलताना तरुण प्रमुख हमखास इथे अडकतात. वयाचा मान ठेवायचा म्हणून सूचनेची विनंती होते आणि विनंतीचं पाणी होतं : 'अण्णा, जमलं तर ते चाळीसचं जरा बघाल का?' यात काय करायचं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर चालेल का, काहीच कळत नाही. मग ते झालं नाही की तुम्ही चिडता आणि पुढचं वाक्य एकदम वरच्या पट्टीत येतं. मान संबोधनात ठेवा, स्पष्टपणा आकड्यात आणि वेळेत : 'अण्णा, आज चाळीसचा शाफ्ट आधी घ्या. अकरापर्यंत पहिला पीस तपासणीला हवा. काही अडचण दिसते का?' शेवटचा प्रश्न खराच विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. अनुभवी माणूस त्या चार सेकंदांच्या शांततेतच म्हणतो, 'बार वाकडा आलाय, फेसिंगला जास्त जाईल.' तुम्ही तेवढ्यात पुढे सरकलात तर ते वाक्य कायमचं गेलं. पाळीतल्या पोरांना तुम्ही एकेरीत बोलत असाल आणि अण्णांना अहो-जाहो करत असाल तर त्यात काही बिघडत नाही. मागण्या मात्र सगळ्यांना सारख्या ठेवा.

'आम्ही पंचवीस वर्षं हेच करतोय' हे वाक्य तुम्हाला पुढेही ऐकू येईल. ते ऐकून अंगावर जाऊ नका, त्याच्या आत काय आहे ते बघा. विचारा : 'हे आधी करून पाहिलंय का? कुठे फसलं?' उत्तरात मशीन, माल, आकार, ऋतू असं काही ठोस आलं तर थांबा, तो आक्षेप बहुधा खरा आहे. उत्तर नुसतं 'चालत नाही हो' असेल, तर कदाचित माणूस बदलांना कंटाळला आहे. प्रत्येक नवा प्रमुख नवा तक्ता घेऊन येतो आणि सहा महिन्यांत दोघंही गायब होतात, हे त्याने पाहिलेलं असतं. अशा वेळी छोटी चाचणी ठेवा : एक मशीन, पाच दिवस, आणि कोणता आकडा पाहायचा हे सुरू करण्याआधी लिहून. 'हे फसलं असं कधी म्हणायचं?' हे त्यांना ठरवू द्या. पाच दिवसांनी फसलं असेल तर खरोखर मागे घ्या. एकदा मागे घेतलेला बदल पुढच्या तीन बदलांची वाट मोकळी करतो.

चेकशीटकडे येऊ. न भरण्यामागे आळस असेलही, पण आधी तो कागद स्वतः भरून पाहा, घड्याळ लावून. बावीस रकाने, त्यातले अर्धे रोज 'ठीक', आणि अक्षरं इतकी बारीक की चष्मा काढावा-घालावा लागतो, असा तो असेल तर तो कुणीच खरा भरत नाही. पोरं भरतात तीही बहुधा पाळी संपताना एकदम. अण्णा आणि काकांना विचारा की यातल्या कोणत्या पाच-सहा नोंदींवरून मशीन बिघडणार हे आधी कळतं. तेवढ्याच ठेवा, मोठ्या अक्षरात, आणि शक्य तिथे 'ठीक' ऐवजी आकडा लिहायला जागा द्या : दाब किती, तेलाची पातळी कुठे, रनआऊट (फिरताना होणारी डगमग) किती. गुणवत्ता विभागाला किंवा ग्राहकाला बाकीचे रकाने सक्तीचे असतील तर ते त्यांच्याशी बोलून वेगळ्या साप्ताहिक कागदावर न्या. परस्पर काढून टाकू नका. एवढं केल्यावरही नोंद झाली नाही, तर मग तो शिस्तीचा प्रश्न आहे. तो एकट्यात, तारखेसकट बोला : 'सोमवार, बुधवार, गुरुवार नोंद नाही. उद्यापासून पाळी सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत हवी. मी आठवडाभर रोज बघणार आहे.' आणि खरंच बघा. वयाकडे पाहून सोडून दिलंत तर पोरं ते टिपून ठेवतात.

यापुढे एक काम असं आहे की ज्याची तुम्हाला अजून गरज वाटत नसेल, पण माझ्या मते तुमच्या पदाचं खरं चीज त्यातच आहे. अण्णांच्या हातात आहे ते उतरवून घेणं. त्या दहा मिनिटांसारख्या आणखी किती गोष्टी त्यांच्याकडे असतील याचा विचार करा. कुठेच लिहिलेल्या नसतील. 'अण्णा, सगळं लिहून द्या' असं मात्र म्हणू नका. एक तर जे हाताला कळतं ते असं लिहिता येत नाही, आणि दुसरं, आपलं ज्ञान काढून घेऊन आपल्याला बाजूला करतील ही भीती खरी असते. कशासाठी करतोय ते आधी स्वच्छ सांगा, आणि कागदावर नाव त्यांचं घाला.

पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालला. कारखान्यांत नवखी माणसं लाखांनी येत होती आणि त्यांना झटपट शिकवायचं होतं. त्यांच्या तक्त्यात दोन रकाने असत : महत्त्वाची पायरी आणि कळीचा मुद्दा. कळीचा मुद्दा म्हणजे ज्यावर काम साधतं किंवा बिघडतं, ज्याने माणसाला इजा होऊ शकते, किंवा ज्याने काम सोपं होतं. तिसरा रकाना तुम्ही जोडा : कारण. एका बैठकीला एकच काम, उदाहरणार्थ सॉफ्ट जॉज बोअर करणं, म्हणजे पकडीचे मऊ जबडे जॉबच्या मापाला कातणं. तीस-चाळीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, पाळीच्या वेळेतच. अण्णा काम करतील आणि बोलतील, तुम्ही लिहाल. मग उलट : तुम्ही तो कागद पाहून काम करायचं, अण्णांनी फक्त पाहायचं. जिथे ते 'थांब' म्हणतील तिथे एक कळीचा मुद्दा सुटलेला असतो, कारण तरबेज माणूस सांगताना नेमक्या त्याच पायऱ्या गाळतो ज्या त्याला आता दिसतही नाहीत. 'कसं करता?' यापेक्षा 'आत्ता आवाजात काय ऐकलंत?', 'हा इन्सर्ट अजून चालेल हे कशावरून?', 'नवा मुलगा इथे काय चुकेल?' असे प्रश्न जास्त देतात. तिसऱ्या बैठकीला पाळीतल्या एखाद्या पोराला तो कागद देऊन करायला लावा. त्याला जमलं तर कागद पक्का.

यात तुमची एक सोयही आहे. अण्णांसमोर शिकणारा म्हणून बसल्याने तुमचं पद कमी होत नाही. कामाची विभागणी, वेळ आणि कागद तुम्हीच लावलेला असतो, आणि ते सगळ्यांना दिसतं.

मॅनेजरचं थोडक्यात. अण्णा थेट वर जातात ही सवय अण्णांनी एकट्याने टिकवलेली नाही, मॅनेजर ऐकतात म्हणून ती टिकली आहे. अण्णांना अडवू नका. मॅनेजरना भेटून एकच मागा : अण्णा आले की त्यांनी पहिलं वाक्य 'पाळीप्रमुखांशी बोललात का?' हे विचारावं, आणि नाही म्हणाले तर तुम्हाला बोलावून तिघांनी बोलावं. तक्रारीच्या सुरात मागू नका. निर्णयांच्या वाटणीचा तो कागद दाखवा, त्याने काम होतं.

वेळ लागेल. दार एका दिवसात, माफी एका मीटिंगमध्ये, पण अण्णा स्वतःहून 'हे असं करून बघू का?' म्हणेपर्यंत दोन-तीन महिने धरा. मधल्या काळात ते तुम्हाला जोखतील. एखादी गोष्ट मुद्दाम तुमच्यावर सोपवून बघतील. माहीत नसेल तर 'माहीत नाही, तुम्ही काय कराल?' म्हणा. माहीत असल्याचा आव आणलात तर त्यांना पहिल्या वाक्यात कळतं.

राहिला रिपोर्ट. कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' किंवा 'सेटिंग चूक' लिहू नका. आधी वर सांगितलेली मापं घेऊन खात्री करा. ती जुळली तर लिहा : 'पहिला पीस गरम असताना मोजून ऑफसेट दिला, गार झाल्यावर व्यास कमी.' त्यापुढे मूळ कारण विचारलेलं असेल तर : 'पीस गार करण्याचा वेळ बंद करण्याची सूचना, पाळीप्रमुख.' उपायाच्या रकान्यात ठरलेली मिनिटं आणि पाटावर ठेवण्याची पद्धत, आणि ती ठरवणाऱ्यांत अण्णांचं नाव. सही तुमची. पाठवण्याआधी अण्णांना वाचायला द्या.